साडेअठ्ठावीस मिलिमीटरची मोकळी जागा

कॅमेऱ्याच्या दुकानात ॲडॉप्टर नावाची एक वस्तू मिळते. साध्यातला साधा ॲडॉप्टर घेतला तर ती धातूची एक कडी असते. आत भिंग नाही, तार नाही, मोटर नाही. बोट घातले तर पलीकडून बाहेर येते. मग दुकानदार पैसे कशाचे घेतो? मोजून दिलेल्या मोकळ्या जागेचे. निकॉनची जुनी लेन्स सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसवायची असेल तर मधली जागा २८.५ मिलिमीटर भरते. हे अंतर बरोबर राखले की ५०-६० वर्षांपूर्वीची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर दूरच्या डोंगरापर्यंत सगळे स्वच्छ दाखवते. ही जागा कुठून आली, हे एकदा समजले की घरच्या घरी कॅमेऱ्यासाठी काय करता येईल आणि काय करू नये, याचा बराचसा उलगडा होतो.

जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक तिरका आरसा असे. तोच लेन्समधून आलेला प्रकाश वर डोळ्याकडे वळवी. आरशाला वर उचलले जाण्यासाठी जागा लागते, म्हणून लेन्स फिल्मपासून लांब ठेवावी लागे. निकॉनने १९५९ मध्ये एफ माउंट आणला तेव्हा हे अंतर ४६.५ मिलिमीटर ठरले. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ते ४४ आहे. २००८ मध्ये पॅनासोनिकने जी१ हा कॅमेरा आणला आणि आरसाच काढून टाकला. सेन्सरवर पडलेली प्रतिमा थेट पडद्यावर दिसू लागली. आरसा गेल्यावर त्याची खोलीही रिकामी झाली. सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर १८ मिलिमीटर आहे, कॅनन आरएफमध्ये २० आणि निकॉन झेडमध्ये अवघे १६.

शाळेत भिंगाने खिडकीची उलटी प्रतिमा वहीवर पाडली होती, ते आठवा. वही ठरावीक अंतरावर धरली तरच प्रतिमा स्पष्ट होई. लेन्सचेही तेच. ती सेन्सरपासून जास्त लांब हवी असेल तर मध्ये नळी घालता येते. पण जवळ हवी असेल आणि मध्ये कॅमेऱ्याचेच धड येत असेल, तर काही इलाज नाही. अंतर वाढवता येते, कमी करता येत नाही. मिररलेस कॅमेऱ्याने अंतर आधीच कमी करून ठेवले आणि उरलेले आपल्यावर सोपवले. पुठ्ठा, पाइप, डबे आणि झाकणे घेऊन बसणाऱ्या हौशी मंडळींचे दिवस आले ते त्यामुळे.

याचे सगळ्यात गमतीदार उदाहरण म्हणजे एकदा वापरून टाकून द्यायच्या फिल्म कॅमेऱ्याची प्लॅस्टिकची लेन्स. तिचे नाभीय अंतर साधारण ३० मिलिमीटर. जुन्या एसएलआरवर ती जवळच्या वस्तूंखेरीज काहीच नीट दाखवणार नाही, कारण माउंटच ४४-४६ मिलिमीटरवर आहे. मिररलेसवर मात्र प्लॅस्टिकच्या बॉडी कॅपला भोक पाडून ती चिकटवली की काम झाले. फोटोच्या कडा पुसट येतात, आणि त्यामागचे कारण मजेशीर आहे. त्या स्वस्त कॅमेऱ्यात फिल्म मुद्दाम थोडी वाकवून बसवलेली असते, कारण एकाच भिंगातून पडणारी प्रतिमा सपाट नसते. आपला सेन्सर सपाट, म्हणून मधला भाग जमतो आणि कडा सुटतात. अनेकांना नेमका हाच पुसटपणा आवडतो.

भिंगच नको असेल तर सुईभोक. बॉडी कॅपच्या मध्यावर ड्रिलने छिद्र पाडायचे, शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याचा तुकडा घ्यायचा, त्याला शिवणाच्या सुईचे नुसते टोक लागेल एवढे दाबायचे, बारीक पॉलिश पेपरने घासायचे आणि तो आतून टेपने चिकटवायचा. भोक किती असावे, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८९१ मध्येच करून ठेवले आहे. भोक मोठे असेल तर प्रतिमा फिसकटते; फार लहान असेल तर प्रकाश कडेवरून वाकतो आणि तरीही फिसकटते. सेन्सरपासून २० मिलिमीटरवर हा मध्यबिंदू ०.२ मिलिमीटरला येतो. म्हणजे एफ/१००. एफ/१६ च्या मानाने साधारण चाळीसपट कमी प्रकाश! जुन्या एसएलआरच्या काचेतून पाहिले तर एवढ्या प्रकाशात नुसता अंधार दिसे. इथे कॅमेरा ती प्रतिमा उजळून पडद्यावर दाखवतो, आणि दुपारच्या कडक उन्हात आयएसओ १६०० ठेवला तर सेकंदाच्या चाळिसाव्या भागात, कॅमेरा हातात धरूनसुद्धा फोटो निघतो. पत्रा मात्र बसवण्यापूर्वी नीट पुसा. लेन्स काढली की मिररलेसचा सेन्सर बहुधा उघडाच असतो आणि ॲल्युमिनियमचा कीस त्यावर पडला तर खर्च सुईभोकापेक्षा बराच मोठा होतो.

किडे आणि फुले टिपणाऱ्यांची कारागिरी यापेक्षा उपयोगाची आहे. लेन्स आणि कॅमेरा यांच्यात ५० मिलिमीटरची नळी घाला, ५० मिलिमीटरची लेन्स लावा, आणि मुंगी सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते. बाजारातल्या नळीऐवजी पीव्हीसी पाइपचा तुकडा चालतो. एका टोकाला मधोमध कापलेली बॉडी कॅप, दुसऱ्या टोकाला लेन्सचे मागचे झाकण तसेच कापून, एपॉक्सीने पक्के. आतून नळी काळी आणि खडबडीत हवी. गुळगुळीत पाइप आतल्या आत चमकतो आणि फोटो धुरकट होतो. इथे अडचण येते ती प्रकाशाची. प्रतिमा खऱ्या आकाराएवढी झाली की सेन्सरवर चौथाईच प्रकाश पोचतो, आणि एफ/८ ला स्पष्टतेची जाडी जेमतेम एक मिलिमीटर उरते. फ्लॅश हवाच.

नुसता फ्लॅश मारला तर भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग उठतो. म्हणून बटाट्याच्या वेफर्सचा उंच गोल डबा घ्यायचा, बूड कापून फ्लॅशवर चढवायचा आणि दुसऱ्या टोकाला ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा. डब्याची आतली चंदेरी बाजू प्रकाश पुढे ढकलते, कागद तो पसरवतो. प्रकाश मऊ की कडक, हे दिव्याच्या किमतीवर ठरत नाही. वस्तूच्या जागेवरून दिवा केवढा दिसतो त्यावर ठरते. दहा सेंटिमीटरवर धरलेला तळहाताएवढा कागद भुंग्याला अर्धे आभाळ वाटतो. स्टुडिओतल्या मोठ्या छत्रीला हे जमायचे नाही.

आता जिथे हौस थांबवावी त्या जागा. पहिली सूर्य. २ ऑगस्ट २०२७ रोजी स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानावरून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा जाणार आहे. ढगांनी कृपा केली तर मुंबईसह पश्चिम भारतातून ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल. तेव्हा कुणीतरी एक्स-रेची फिल्म लेन्सला चिकटवणारच. ते करू नका. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी यांतून सूर्य डोळ्यांना मंद वाटतो, पण अवरक्त किरण बरेच आत येऊ शकतात. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. तो भाजत असताना काही जाणवत नाही. नजरेच्या मधोमध डाग पडल्याचे काही तासांनी लक्षात येते.

मिररलेस कॅमेऱ्याचा इथे एक फायदा आहे. त्याच्या दर्शकात आपण सूर्य नव्हे, सूर्याचे चित्र बघतो, त्यामुळे भाजतो तो कॅमेरा, डोळा नव्हे. पण नेम धरताना माणूस कॅमेऱ्याच्या बाजूने सूर्याकडे बघतोच. आणि जुना एसएलआर असेल तर लेन्सने एकवटलेला सूर्य थेट डोळ्यात. सूर्यासाठी खास बनवलेली फिल्म मिळते. ती साधारण एक लाखातला एक भाग प्रकाश आत सोडते. तिची चौकट घरी पुठ्ठ्याची करायला हरकत नाही, मात्र ती लेन्सच्या पुढे बसली पाहिजे, मागे नव्हे. वाऱ्याने उडू नये म्हणून टेप लावावी आणि वापरण्याआधी दिव्यासमोर धरून भोके तपासावीत. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीत किंवा एसएलआरच्या काचेत डोकावणे हेही घातकच; चष्मा उघड्या डोळ्यासाठी असतो, एकवटलेल्या उन्हासाठी नव्हे. एवढा व्याप नको असेल तर तेच सुईभोक एक मीटर लांबीच्या खोक्याला पाडा. सूर्याकडे पाठ करून आतल्या कागदावर साधारण नऊ मिलिमीटरचा सूर्य आणि त्याचा खाल्लेला घास निवांत बघता येतो.

दुसरी जागा जुना फ्लॅश. काही जुन्या फ्लॅशच्या खालच्या टोकांवर दोनशेहून अधिक व्होल्ट असतात आणि नव्या कॅमेऱ्याचे सर्किट त्याने जाऊ शकते. फ्लॅश भारित करून मल्टिमीटरने मोजल्याशिवाय तो लावू नये. फ्लॅश उघडणे तर टाळाच. आतल्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या आसपास दाब तासन्‌तास राहू शकतो, आणि तो झटका जिवावर बेतू शकतो.

तिसरी गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. १९५०-७० च्या काळातल्या काही लेन्सच्या काचेत थोरियम ऑक्साइड मिसळलेले आहे. त्याने काच प्रकाश जास्त वळवते आणि रंग कमी फाकतात. सुपर टाकुमार ५० मिलिमीटर एफ/१.४ ही त्यातली नावाजलेली. अशी लेन्स कॅमेऱ्यावर लावून फोटो काढण्यात किरणोत्साराची मात्रा फार थोडी असते. घाबरून ती फेकून देण्याचे कारण नाही. तिची काच मात्र घासायची, फोडायची नाही, कारण ती धूळ श्वासात जाते. आणि अशा भिंगाचा आयपीस करून ते डोळ्याला लावून बसू नये. अशा लेन्स वर्षानुवर्षांच्या स्वतःच्याच किरणोत्साराने पिवळ्या पडतात. हा पिवळेपणा अतिनील प्रकाशात काही दिवस-आठवड्यांत उतरतो, म्हणून लोक लेन्स उन्हात खिडकीत ठेवतात. ठेवायची तर मागच्या बाजूला झाकण लावा, मध्ये ॲल्युमिनियमची फॉइल घाला आणि जवळ पडदा किंवा वर्तमानपत्र राहणार नाही एवढे बघा. मोठ्या तोंडाची लेन्स उन्हात हेच करते, कागद पेटवते.