वराडकरांचे आजोळ

१४ जून २०१७ रोजी लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा डब्लिनपेक्षा सिंधुदुर्गात अधिक हर्ष झाला, असे म्हटल्यास ती फार मोठी अतिशयोक्ती ठरू नये. मालवण तालुक्यातील वराड हे गाव एकाएकी सर्वतोमुखी झाले. कोकणातून मुंबईस आणि मुंबईतून वाशी-नेरुळकडे सरकलेल्या आम्हा मंडळींनाही आपल्याच आळीतला मुलगा मोठ्या पदी चढल्यासारखे वाटले. २०१९ च्या डिसेंबरअखेर ते आईवडिलांसह वराडला आले, तेव्हा गावाने त्यांचे स्वागत घरच्या माणसासारखे केले. यात गैर काहीच नाही. आडनावात गाव बाळगणाऱ्या आपल्या समाजाला तो मोह आवरणे कठीणच.

मात्र या कौतुकात एक व्यक्ती जवळजवळ अदृश्य राहिली. ती म्हणजे लिओ यांच्या मातोश्री मिरियम. त्या वॉटरफर्ड परगण्यातील डंगार्वन या गावच्या, व्यवसायाने परिचारिका. मुंबईत जन्मलेले डॉक्टर अशोक वराडकर साठच्या दशकात इंग्लंडला गेले आणि तेथे या दोघांची गाठ पडली. विवाह १९७१ साली झाला. काही काळ लेस्टरला, मग भारतात आणि अखेर १९७३ साली डब्लिनमध्ये हे कुटुंब स्थिरावले. १९७९ साली तेथेच लिओ यांचा जन्म झाला. म्हणजे ज्या भूमीने त्यांना २००७ साली लोकप्रतिनिधी आणि दहा वर्षांनी पंतप्रधान केले, ती त्यांच्या आईची भूमी. आपल्या भाषेत सांगायचे, तर लिओ आजोळी वाढले आणि आजोळानेच त्यांना मोठे केले.

आयर्लंडला ही गोष्ट नवी नव्हती. आपल्या स्वातंत्र्यलढ्याच्या काळात ज्यांचे नाव येथे आदराने घेतले जाई, ते एमन डी व्हॅलेरा १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मले. त्यांचे वडील स्पॅनिश वंशाचे सांगितले जातात. आई लिमरिक परगण्यातली. अजाण वयातच त्यांना आईच्या माहेरी धाडण्यात आले आणि आजीच्या छपराखाली ते वाढले. परक्या बापाचे परके आडनाव घेऊन हा मुलगा पुढे त्या देशाचा पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्षही झाला.

आता थोडे आपल्या कायद्याकडे पाहू. १९५६ च्या आयरिश नागरिकत्व कायद्यानुसार माता किंवा पिता, कोणीही एक आयरिश असले की अपत्य आयरिश ठरत असे. आपला कायदा त्याच्या एकच वर्ष आधीचा, १९५५ चा. परदेशात जन्मलेल्या मुलास वंशाने भारतीय नागरिकत्व मिळायचे, तर त्याचा पिता भारतीय असावा लागे. माता भारतीय असून भागत नसे. ही विषमता दूर व्हायला १९९२ साल उजाडावे लागले. तेव्हा कल्पना करावी की, १९७९ साली डब्लिनमध्ये जन्मलेल्या मुलाचे वडील डंगार्वनचे आणि आई वराडची आहे. आडनाव अर्थातच आयरिश. तो पंतप्रधान झाला असता, तर आपण ढोलताशे घेऊन वेशीवर गेलो असतो काय? वराडमध्ये चार म्हाताऱ्यांना 'अमक्याच्या मुलीचा मुलगा' एवढे आठवले असते. गोव्याने अंतोनियो कोश्ता यांना आपले म्हटले, तेही लेखक असलेल्या त्यांच्या मडगावकर वडिलांमुळेच. पोर्तुगालच्या या माजी पंतप्रधानांचे 'बाबुश' हे घरगुती नाव गोव्यात कौतुकाने सांगितले जाते. त्यांच्या आई मारिया आंतोनिया पाला या नामवंत पत्रकार, पण त्यांची आठवण येथे क्वचितच होते.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि आगरी-कोळ्यांच्या गावांभोवती जे शहर वसले, तेथे प्रांताप्रांतांतील माणसे शेजारी राहू लागली. त्यांच्या मुलामुलींनी परस्परांत विवाह केले. या घरांतील मुलांना शाळेत, सोसायटीत, नोकरीत ठरलेला प्रश्न येतो, 'मूळचे कुठले?' आई मालवणची, वडील केरळचे आणि जन्म नेरुळचा असलेली मुलगी घरात अस्खलित मालवणी बोलत असली, तरी आपण तिला सहज मल्याळी ठरवून मोकळे होतो. तिच्या आजोळाची चौकशी कोणी करत नाही. हीच मुलगी उद्या निवडणुकीस उभी राहिली, तर तिचे आडनावच तिच्याविरुद्ध प्रचार करील. वराडकरांच्या आडनावाने तसे केले नाही, याचे श्रेय डब्लिनच्या मतदारांना आहे. आपल्याला त्यात फारसा वाटा मागता यायचा नाही.

वराडकर ९ एप्रिल २०२४ रोजी पंतप्रधानपदावरून पायउतार झाले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १ मेपासून, महाराष्ट्रात जन्मणाऱ्या प्रत्येक बालकाच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिण्याचा शासकीय नियम लागू झाला. बालकाचे नाव, आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा त्याचा क्रम आहे.