थांबलेला काटा

आहार आवरून आणि पहाटे कपाशीच्या वावरांच्या धुऱ्याने नित्य चालून अल्लीपूरच्या एखाद्या गृहस्थाचे वजन आरंभी झपाट्याने उतरते, पण काही महिन्यांनी काटा जागचा हलेनासा झाला की, आपलाच निग्रह ढळला असावा, अशी शंका त्याला ग्रासते. ती बहुधा निराधार असते. प्रारंभीच्या घटीत पाण्याचा हिस्सा मोठा असतो, आणि हलक्या झालेल्या देहाचा दैनंदिन खर्चही उतरून जमाखर्चाचा मेळ बसतो. तेलाची पळी आणि चहातील साखर नकळत वाढली नाही ना, हे मात्र एकदा तपासावे.

काट्याला अखेरचा निवाडा मानणे मला मुळीच मान्य नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली: उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच, परंतु चरबी युडकिनांच्या अंगी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के! म्हणून कमरेला फीत लावावी. भारतीय पुरुषास ९० व स्त्रीस ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. वजन स्थिर असूनही हा घेर उतरत असेल, तर चालणे बिलकुल सोडू नये आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम त्यास जोडावा.