हक्क सहीने जात नाही, पण पुरावा जातो

उद्यमबागेतल्या एखाद्या लहान कारखान्यात प्रेसवर काम करताना हात अडकतो आणि बोट जाते. फोरमन रिक्षात घालून दवाखान्यात नेतो. मालक बिल भरतो, वर घरखर्चाला म्हणून दोन-पाच हजार हातावर ठेवतो. पंधरा-वीस दिवसांनी पट्टी बांधलेला हात घेऊन गडी गेटवर आला, की त्याच्यापुढे एक कागद येतो. कागद कानडीत. "सही कर, म्हणजे हिशेब मिटला." गडी येळ्ळूर किंवा कडोलीकडचा, शाळा मराठीतून झालेली. त्याला कानडी बोललेले समजते, बसची पाटीही वाचता येते. पण कार्यालयी कानडीतला पानभर मजकूर त्याला झेपणारा नाही. तो सही करतो.

सीमाभागात हे चित्र कोणालाही परके वाटणार नाही. भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शाळा, पाट्या आणि उतारे येतात. तुटलेल्या बोटाचे मोल ज्या कागदावर ठरते, तिथेही हाच प्रश्न उभा असतो, हे मात्र आपण विसरतो.

नुकसानभरपाई मागावी की नाही, हा निर्णय सोपा नाही. मालक ओळखीचा असतो. ज्याच्या शब्दावर काम मिळाले तो फोरमन भावकीतला असतो. "शेठनी दवाखान्याचं सगळं बघितलं, आता त्यांच्यावरच कसं उलटायचं?" हा विचार मनात येतो. काम सुटले तर दुसरीकडे कोण घेणार, ही भीती असते. आणि पुष्कळांना वाटते, चूक माझीच होती, मग कोणत्या तोंडाने मागू?

या शेवटच्या शंकेला कायद्यानेच उत्तर दिले आहे. कामावर असताना आणि कामामुळे अपघात झाला, तर भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामगाराचे क्षणभर लक्ष विचलित झाले, एवढ्याने हक्क बुडत नाही. दारूच्या नशेत असणे, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे किंवा यंत्राचे संरक्षक साधन मुद्दाम काढणे, अशा कारणांनी मात्र दावा फेटाळला जाऊ शकतो. हा हक्क १९२३ च्या कायद्याने दिला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि त्या तरतुदी आता तिच्यात आहेत.

रक्कम किती, हे कळल्याशिवाय निर्णय घेता येत नाही. कामगार ३० वर्षांचा, पगार महिना १२,००० रुपये आणि अंगठ्याशेजारचे बोट पूर्ण गेले, असे धरू. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये. तिसाव्या वर्षासाठी ठरलेला गुणक २०७.९८. त्या गुणाकाराचे १४ टक्के, कारण या बोटासाठी अनुसूचीत तेवढेच धरले आहेत. हिशेब होतो सुमारे २ लाख ९ हजार ६०० रुपये. मालकाने दवाखान्यावर केलेला खर्च यातून वजा होत नाही. हातावर ठेवलेले पाच हजार आणि ही रक्कम, यांतले अंतर ज्याचे त्याने मोजावे.

पगारातून ईएसआय कापला जात असेल तर वाट वेगळी. मग मालकावर हा दावा चालत नाही; लाभ ईएसआयकडून मिळतो. उपचाराच्या काळात सरासरी वेतनाच्या सुमारे ९० टक्के आणि कायमचे अपंगत्व आले तर दरमहा रक्कम. त्यासाठी अपघाताची नोंद झाली पाहिजे. म्हणून आधी पगाराची चिठ्ठी बघावी.

आता त्या कागदाकडे येऊ. भरपाईचा हक्क सोडला असे कोणी लिहून घेतले, तरी ते लिखाण कायद्यापुढे टिकत नाही. मग सहीला भ्यायचे कशाला? कारण त्याच कागदात "अपघात घरी झाला" किंवा "हा इसम आमच्याकडे कामाला नव्हता" असे लिहिलेले असेल, तर ते खोटे ठरवण्याची पायपीट कामगाराच्याच वाट्याला येते. हक्क सहीने जात नाही, पण पुरावा जातो.

२०१७ च्या दुरुस्तीने मालकावर एक बंधन आले आणि ते नव्या संहितेतही आहे. कामावर घेतानाच भरपाईच्या हक्काची लेखी माहिती इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, कामगाराला समजेल अशा भाषेत द्यायची. बेळगावात यातून मराठी प्रत मिळत नाही, हे दुखणे आहेच. पण देवनागरीतली हिंदी प्रत मागता येते. निपाणीकडून कागलच्या वसाहतीत जाणाऱ्याला तर मराठीतच मागता येते. शिवाय राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो.

सीमेवरच्या माणसाला उपयोगी अशी आणखी एक गोष्ट. दावा अपघात झाला तिथेच लावला पाहिजे असे नाही; कामगार राहतो त्या भागातल्या सक्षम अधिकाऱ्याकडेही तो लावता येतो. चंदगड तालुक्यातून उद्यमबागेत येणाऱ्याला कोल्हापूर जिल्ह्यात दाद मागता येते. बेळगाव तालुक्यातून शिनोळीला जाणाऱ्याला बेळगावात मागता येते. मुदत साधारणपणे दोन वर्षांची. औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळू शकतो.

एवढे कळल्यावर कोणी म्हणेल, मला दावा नको, मालकाशी समजुतीने मिटवतो. तेही चुकीचे नाही. मात्र तो समझोता सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवून घ्यावा. रक्कम अपुरी वाटली तर तो नोंद नाकारू शकतो. मालकाने संकटात केलेली मदत विसरू नये. पण उपकाराची जाण ठेवणे वेगळे आणि न वाचलेल्या कागदावर सही करणे वेगळे.

पुन्हा असा कागद पुढे आला तर एवढेच म्हणावे, "घरी नेतो, वाचून घेतो, उद्या सांगतो." गावात कानडी आणि मराठी दोन्ही वाचणारा कोणीतरी असतोच. दावा करायचा की नाही, हे त्यानंतर ठरवावे. बोट आपले गेले आहे. निर्णय तरी आपल्याला समजणाऱ्या भाषेत व्हावा.