कन्स्ट्रक्टर अर्ध्यावर फसला तर?

मागच्या भागात आपण कन्स्ट्रक्टर आणि डिस्ट्रक्टर यांची जोडी पाहिली, पण सगळं सुरळीत पार पडतं असं गृहीत धरून. खरी परीक्षा पुढे आहे.

एक क्लास घ्या. त्याचा कन्स्ट्रक्टर आधी लॉगची फाइल उघडतो, मग डेटाबेसशी कनेक्शन जोडतो. डिस्ट्रक्टर दोन्ही बंद करतो. फाइल उघडली, पण कनेक्शन जुळलं नाही आणि एक्सेप्शन फेकला गेला. आता फाइल कोण बंद करणार? बहुतेक जण सांगतात, डिस्ट्रक्टर. सी प्लस प्लसमध्ये तो इथे चालतच नाही. कन्स्ट्रक्टर पूर्ण झाला नाही म्हणजे ऑब्जेक्ट जन्मालाच आला नाही, आणि जे जन्मलं नाही त्याचा अंत्यविधी भाषा करत नाही. फाइल उघडीच राहते. महिनोन्महिने चालणाऱ्या सर्व्हरवर प्रत्येक फसलेल्या प्रयत्नामागे अशी एकेक फाइल साचते. लिनक्सवर एका प्रोसेसला एका वेळी किती फाइली उघडता येतील यावर मर्यादा असते, अनेक ठिकाणी ती 1024 असते. ती ओलांडली की बिघाड भलत्याच ठिकाणी दिसतो, आणि माणसं तिथेच शोधत बसतात.

कन्स्ट्रक्टरमध्ये ट्राय-कॅच लिहून हे सावरता येतं. दोन गोष्टींपुरतं ठीक. पाच झाल्या की तो कोड वाचवत नाही. त्यापेक्षा नियमाचा दुसरा अर्धा भाग कामाला लावावा: कन्स्ट्रक्टर फसला तरी तोवर पूर्ण तयार झालेल्या मेंबरांचे डिस्ट्रक्टर चालतात, उलट्या क्रमाने. म्हणून उघडी फाइल नुसत्या पॉइंटरमध्ये ठेवू नये. तिच्यासाठी एक छोटा स्वतंत्र ऑब्जेक्ट करावा, ज्याचं काम एवढंच की ती फाइल सांभाळायची आणि जाताना बंद करायची. कनेक्शनसाठी दुसरा. मग मोठ्या क्लासला बहुतेक वेळा स्वतःचा डिस्ट्रक्टर लिहावाच लागत नाही. ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी रुजवलेली ‘आर ए आय आय’ ही पद्धत ती हीच. माझ्या मते या भाषेने प्रोग्रामिंगला दिलेली सर्वांत मोलाची गोष्टही हीच आहे. एक मात्र जपावं: मेंबर तयार होतात ते क्लासमधल्या घोषणेच्या क्रमाने. इनिशियलायझर यादीत तुम्ही कोणता क्रम लिहिला याला महत्त्व नाही.

डिस्ट्रक्टरमधून एक्सेप्शन बाहेर जाऊ देऊ नये. 2011च्या मानकापासून तसं घडलं तर, तुम्ही मुद्दाम वेगळं सांगितलं नसेल, प्रोग्राम तिथल्या तिथे थांबतो. पण डिस्क भरली असेल तर फाइल बंद करतानाच शेवटचं लिखाण फसू शकतं! ते कळायला हवं असेल तर बंद करण्याचं वेगळं फंक्शन द्यावं आणि डिस्ट्रक्टर शेवटचा आधार म्हणून ठेवावा.

जावात गार्बेज कलेक्टर मेमरी आवरतो, फाइल वेळेवर बंद होईल याची हमी तो देत नाही. फायनलाइझवर विसंबणं धोक्याचंच होतं, जावा 9 मध्ये ते बाद ठरवलं गेलं. 2011च्या जावा 7 पासून ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे, ते जरूर वापरा. मात्र त्या ओळीतला कन्स्ट्रक्टरच फसला तर क्लोज बोलावलं जात नाही, आणि सी प्लस प्लससारखे मेंबरही आपोआप आवरले जात नाहीत. तिथे कन्स्ट्रक्टरनेच एक्सेप्शन पकडून, आधी उघडलेलं बंद करून, तो पुन्हा फेकायला हवा.

पुढच्या आठवड्यात: कन्स्ट्रक्टरमधून व्हर्च्युअल फंक्शन बोलावल्यावर काय होतं.