साडेतीन कोटी फोटो आणि एक कोरा तक्ता

वाघ मोजायला स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाघच असतो. प्रत्यक्षात भल्या पहाटे हाती पडतो तो एक तक्ता, सोबतीला त्या बीटचा, म्हणजे जंगलातल्या त्या गस्तीच्या हद्दीचा, वनरक्षक आणि पुढ्यात पाच किलोमीटरची पायपीट. हे तीन दिवस करायचं. वाघ दिसण्याची शक्यता किती, ते आकडेच सांगतात.

२०१८च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत देशभरातल्या १४१ क्षेत्रांत मिळून २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे, लावले होते. त्यांच्या टप्प्यात आलेलं जंगल १,२१,३३७ चौरस किलोमीटर. फोटो निघाले ३,४८,५८,६२३. कॅमेरा ट्रॅपने झालेली जगातली सर्वांत मोठी वन्यजीव पाहणी म्हणून गिनीज बुकाने तिची नोंद घेतली. रोज आठ तास बसून सेकंदाला एक फोटो पाहायचा म्हटलं, तर एकही सुटी न घेता सव्वातीन वर्षं लागतील.

एवढ्या फोटोंत वाघाचे किती? ७६,६५१. म्हणजे ४५५ फोटोंमागे एक. बिबट्यांचे आणखी ५१,७७७. उरलेले तीन कोटी सत्तेचाळीस लाखांहून अधिक फोटो इतर प्राण्यांचे. अहोरात्र पाळत ठेवणाऱ्या यंत्राला जिथे वाघ इतका क्वचित सापडतो, तिथे सकाळी दोन-तीन तास चालणाऱ्या माणसाने फार आशा धरू नये.

आणि चालणं तरी किती? त्या वर्षी पायी तुडवलेल्या वाटांची बेरीज ५,२२,९९६ किलोमीटर होती. पृथ्वीपासून चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. म्हणजे चंद्र गाठून परतीची एक तृतीयांशाहून जास्त वाट उरकली. तीन दिवसांत पंधरा किलोमीटर हा एकाचा वाटा धरला, तर असे सुमारे ३५ हजार वाटे भरतात. त्यातला फार मोठा भार वनरक्षकांनी उचलला. काही ठिकाणी वनखात्याने हौशी लोकांनाही सोबत घेतलं. माहिती गोळा करणं आणि तपासणं मिळून ६,२०,७९५ मनुष्यदिवस खर्ची पडले. एकट्याने करायचं तर १,७०० वर्षं. इतकं मागे गेलं तर विदर्भात वाकाटकांचं राज्य होतं आणि अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांना अजून हातही लागायचा होता.

या दिवसांत माणूस नेमकं काय करतो? मातीच्या वाटेवर, नाल्याच्या वाळूत वाघ-बिबट्याच्या पावलांचे ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे शोधतो. त्यानंतर दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवरून, न बोलता, चितळ-सांबर-गवे मोजत जातो. मग त्याच रेषेवर ठराविक अंतराने थांबून झाडंझुडपं नोंदवायची आणि वीस मीटर लांब, दोन मीटर रुंद पट्ट्यात उकिडवं बसून लेंड्या मोजायच्या. सागाचं एकेक वाळकं पान उचलून बघावं लागतं. चितळाच्या लेंड्या बारीक, सांबराच्या ठसठशीत. दोन्हींची नोंद वेगवेगळी. अशा जागा देशभरात ३,१७,९५८ झाल्या.

सगळे कष्ट घेऊन मांसभक्षकांच्या रकान्यात पुष्कळदा शून्यच येतं. नवख्याला वाटतं, आपली फेरी फुकट गेली. पण गणनेचं निम्मं गणित या शून्यांवर उभं असतं. ते कसं, ते २०१८च्याच आकड्यांत दिसतं. कॅमेऱ्यांत पट्ट्यांवरून ओळख पटलेले, एक वर्षावरचे वाघ होते २,४६१. डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा बसवतात. देशाचा अंदाज मात्र निघाला २,९६७. मधले ५०६ वाघ कॅमेऱ्याने टिपलेले नाहीत. एकूण ३,८१,२०० चौरस किलोमीटर जंगल अभ्यासलं गेलं, म्हणजे महाराष्ट्राच्या सव्वापट, आणि कॅमेरे होते त्याच्या तिसऱ्या हिश्शात. बाकीच्या जंगलाबद्दल बोलायचं तर मुख्यतः पायी गोळा केलेल्या नोंदी हाताशी असतात. इतक्या खुणा, इतकं भक्ष्य, माणसांची इतकी वर्दळ असेल तिथे वाघ किती, हे कॅमेऱ्याच्या जंगलात शिकायचं आणि कॅमेरा नसलेल्या जंगलाला लावायचं. तिथे कुणी कंटाळून एखादा ठसा ‘असेल बहुतेक’ म्हणून लिहिला, तर कागदावर नसलेला वाघ जन्माला येतो.

२०२२ साली हा पसारा आणखी वाढला. ३२,५८८ जागी कॅमेरे, ४,७०,८१,८८१ फोटो, त्यांत वाघाचे ९७,३९९, आणि ६,४१,४४९ किलोमीटरची चाल. महाराष्ट्रातले वाघ चार वर्षांत ३१२ वरून ४४४ झाले. देशात ओळख पटलेले ३,०८० आणि सरासरी अंदाज ३,६८२. इतकी यंत्रं वाढूनही सहाशे वाघ पुन्हा कॅमेऱ्याबाहेरच राहिले. त्यांचा हिशेब लागला तो मुख्यतः चालणाऱ्यांच्या तक्त्यांवरून, कोऱ्या रकान्यांसकट.