पारव्यांपासून होणारे आजार

पारवा (बोलीभाषेत कबूतर) या पक्ष्याची विष्ठा आणि पिसांवरील सूक्ष्म भुकटी श्वासावाटे शरीरात गेल्याने माणसाला काही आजार होऊ शकतात. उडत जाणाऱ्या पक्ष्यापासून असणारा धोका नगण्य असतो. नियमित दाणे टाकल्यामुळे एकाच जागी मोठे थवे जमतात व तेथे विष्ठा साचते. ती वाळून धुळीत मिसळली की धोका वाढतो.

अतिसंवेदनशीलताजन्य फुप्फुसदाह

हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस या नावाने ओळखला जाणारा हा आजार संसर्गजन्य नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतील व पिसांतील प्रथिनांविरुद्ध शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा अवाजवी प्रतिक्रिया देते व त्यामुळे फुप्फुसांना सूज येते. तीव्र प्रकारात संपर्कानंतर काही तासांत ताप, कोरडा खोकला व धाप ही लक्षणे दिसतात. दीर्घकालीन प्रकारात खोकला व धाप हळूहळू वाढत जाते. फुप्फुसांच्या ऊती कठीण होऊन व्रणमय झाल्यास ही हानी सहसा भरून येत नाही. त्यामुळे निदानाच्या वेळी रुग्णाचा पक्ष्यांशी असलेला संपर्क विचारणे महत्त्वाचे ठरते. हा संपर्क थांबवणे हा उपचाराचा मुख्य भाग आहे. आवश्यकतेनुसार स्टेरॉइड औषधे दिली जातात.

संसर्गजन्य आजार

* क्रिप्टोकॉकोसिस : विष्ठेत वाढणाऱ्या क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स या बुरशीमुळे होतो. रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांमध्ये त्यातून मेंदूच्या आवरणाचा दाह उद्भवू शकतो.
* सिटाकोसिस : क्लॅमिडिया सिटासी या जीवाणूमुळे होतो. यात ताप, डोकेदुखी व न्यूमोनिया आढळतो. प्रतिजैविकांनी तो बरा होतो.
* साल्मोनेला संसर्ग : दूषित हात तोंडाला लागल्याने अतिसार होतो.

प्रतिबंध

वाळलेली विष्ठा कोरड्या झाडूने झाडू नये. ती प्रथम पाण्याने भिजवावी व मुखपट्टी आणि हातमोजे वापरून काढावी. खिडक्या व सज्जांना जाळी लावल्यास पारवे घरटी करत नाहीत. दाणे ठेवण्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत. दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असलेल्यांनी हे काम टाळावे.

मुंबईतील कबुतरखाने

भूतदयेच्या, विशेषतः जैन समाजातील जीवदयेच्या परंपरेतून मुंबईत दादरसह अनेक ठिकाणी कबुतरखाने निर्माण झाले. आरोग्याच्या कारणास्तव २०२५ मध्ये ते बंद करण्याची कारवाई सुरू झाल्यावर दादर येथे आंदोलने झाली आणि हा वाद मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला.