मार्स बार ते हळदीचा घोट

1996च्या ऑक्टोबरात आर्सेन वेंगर जपानहून लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबचे व्यवस्थापक म्हणून आले, तेव्हा इंग्लिश फुटबॉलपटू काय खातो-पितो याची फारशी कुणी विचारपूस करत नसे. वेंगरांनी साखरेवर टाच आणली आणि उकडलेलं चिकन, मासे, वाफवलेल्या भाज्या ताटात वाढायला लावल्या. ब्लॅकबर्नच्या पहिल्याच दौऱ्यात खेळाडूंनी बसमध्ये मार्स बार या चॉकलेटच्या नावाने घोषणा दिल्या, हा किस्सा तिकडे अजून चवीने सांगतात. 1998मध्ये आर्सेनलने प्रीमियर लीग आणि एफए कप दोन्ही पटकावले आणि कुरकुर थांबली. सगळं श्रेय ब्रोकोलीला देणं भाबडेपणाचं होईल. पण ताटाकडे बघण्याची नजर बदलली, हे खरं.

दाहाची, म्हणजे शरीरातल्या सुजेची, चर्चा त्यानंतरची. जोरात धावलं की स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, डागडुजीसाठी पांढऱ्या पेशी धावून येतात, रक्तात सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे दाह दाखवणारं प्रथिन वाढतं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना अंग आंबल्याचं कळतं. नाताळाच्या सुमारास प्रीमियर लीगमध्ये एक सामना संपतो न संपतो तोच दुसरा येतो. मग ही सूज लवकर कशी उतरवायची? गोळ्या होत्याच, पण रोज आयब्युप्रोफेन घेतलं की पोट आणि मूत्रपिंड दोन्ही कुरकुरतात.

2010मध्ये न्यूकॅसलच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातल्या ग्लिन हॉवॅट्सन यांच्या गटाने मॅरेथॉन धावणाऱ्या वीस हौशी धावपटूंवर प्रयोग केला. काहींना आंबट चेरीचा रस, काहींना तसंच दिसणारं दुसरं पेय. शर्यतीआधी पाच दिवस, शर्यतीच्या दिवशी आणि नंतर दोन दिवस. रस पिणाऱ्यांच्या स्नायूंची ताकद लवकर परतली, दाहाच्या खुणाही कमी दिसल्या.

आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट मात्र हॅल रॉबसन-कानूची. लंडनमध्ये वाढलेला, वेल्सकडून खेळलेला हा फुटबॉलपटू. पोरवयातच गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, तेही दोनदा. वेदनाशामकांना पर्याय शोधता शोधता बापलेक कच्च्या हळदीपाशी येऊन पोचले आणि घरच्या स्वयंपाकघरात हळदीचं पेय तयार होऊ लागलं. 2016च्या युरो स्पर्धेत, हातात कुठल्याच क्लबचा करार नसताना, याच रॉबसन-कानूने बेल्जियमच्या तीन बचावपटूंना एका गिरकीत चकवून गोल केला. पुढे त्याने 'द टर्मरिक कंपनी' काढली आणि हळदीच्या छोट्या बाटल्या विकायला घेतल्या. ज्या हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर 1995मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं आणि शास्त्रज्ञ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने 1997मध्ये ते रद्द करायला लावलं, तीच ही हळद!

खेळाडूचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. पुराव्याच्या दिशेने एक पाऊल नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाने 2023मध्ये टाकलं. चोवीस व्यावसायिक फुटबॉलपटूंपैकी एका गटाला दिवसातून दोनदा 60 मिलिलिटर हळदीचं पेय दिलं, दुसऱ्याला काहीच नाही. आठ सामन्यांनंतर मोजमाप झालं. हळदीच्या गटात अंगदुखी कमी, सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनही कमी. पण दुसऱ्या गटाला खोटं पेयसुद्धा दिलं नव्हतं, आणि दुखणं किती हे खेळाडू स्वतःच सांगत होते. आपण काहीतरी गुणकारी पितोय म्हटलं की निम्मं दुखणं तिथेच पळतं. शिवाय या खेळाडूंचा वेग वाढला का, गोल वाढले का, हे त्या प्रयोगात पाहिलेलंच नव्हतं.

हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीनेक टक्के आणि तेही रक्तात सहजी उतरत नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये 1998मध्ये दिसलं, की मिऱ्यातल्या पिपरिनची जोड मिळाली तर ते वीसपट शोषलं जातं. ते तेला-तुपात विरघळतं. फोडणीची हळद आणि वर मिरपूड ही जोडी आपल्या घरांत आहेच, पण तेवढ्याने खेळाडूंच्या प्रयोगातली मात्रा भरून निघत नाही, हेही तितकंच खरं.

आता दुसरी बाजू: शरीराची ही प्रतिक्रिया दाबणं नेहमीच हिताचं असतं का? 2009मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी व्यायाम करणाऱ्यांना रोज क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या, तर व्यायामाने इन्सुलिनच्या कामात होणारी सुधारणाच नाहीशी झाली. शरीराला थोडी झीज हवी असते. तिच्यातूनच ते मजबूत होतं. म्हणून सरावाच्या महिन्यांत दाह दडपू नये आणि लागोपाठ सामने असतील तेव्हाच चेरी-हळदीचा आधार घ्यावा, असं माझं मत.

बाकी आरोग्यासाठी बाटली लागत नाही. भाज्या, डाळी, अक्रोड, जवस, बांगडा-तारली, आणि साखर, तळण, दारू यांना आवर, एवढ्यावर बरंच भागतं. आणि कर्क्युमिनच्या तीव्र गोळ्या मनाने घेऊ नका: त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत आहेत. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.